लिफ्टच्या फ्लॅटबद्दल, आई-बाबांस

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर आई दोन मिनिटांत "जेवलास का"वर येते आणि बाबा "बरं, बरं" म्हणून फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहितो आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

तुमच्यासाठी घ्यायचा गंगापूर रोडचा लिफ्टचा फ्लॅट यंदा होत नाही. पुढच्या वर्षी होईल असंही आत्ता कबूल करत नाही. मी परचेस खातं सोडलं. कंपनी तीच, पण 1 तारखेपासून क्वालिटीत बसतो. पगार कमी झाला आहे. घर नीट चालतं, नवा हप्ता त्यात बसत नाही. कागदावर सही होऊन गेली आहे, तेव्हा "एकदा परत विचार कर" म्हणू नका. तुमच्या सुनेने हा विचार माझ्याही आधी केला होता.

मला कुणी काढलं नाही, कसली चौकशी नाही, कुणाचा एक रुपया माझ्याकडे नाही. आईची झोप उडू नये म्हणून हे आधीच सांगतो.

दिवाळीची पाकिटं, सुकामेव्याचे डबे परत पाठवायला मला कधी जड गेलं नाही. आंब्यांच्या त्या पेटीनंतर आपल्या घरात कुणाला जड जाईल? आई, तू सुतळीची गाठसुद्धा सोडली नव्हतीस. बाबा सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधत होते, गवतातून पिकल्या हापूसचा वास येत होता, आणि मी तुझा पदर धरून "एकच, एकच" करत होतो. तू मला कडेवर घेतलंस, खरं तर मी कडेवर घेण्याच्या वयाचा राहिलो नव्हतो.

यंदा आलं ते पाकीट नव्हतं. कंपनीला कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, पुरवणारा एक जण येऊन बसला, चहा घेतला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाबांचे गुडघे कसे आहेत?" मग एक रंगीत पुस्तिका उघडून माझ्यापुढे सरकवली. फ्लॅट नाशिकचाच. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा, दाराला उंबरठा नाही, लिफ्ट एवढी मोठी की चाकाची खुर्ची सहज आत जाईल. "बिल्डर आपलाच आहे साहेब. बुकिंगचं मी बघतो, तुम्ही सवडीने द्या." बदल्यात मागितलं काहीच नाही. त्याच आठवड्यात तीन कोटेशनं उघडायची होती, त्यात एक त्याचं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

मी नाही म्हटलं. पुस्तिका त्याच्या हातात परत दिली. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आईची खाट कुठल्या भिंतीला लावायची, बाबांना सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येईल, हे मन आपोआप ठरवायला लागलं. तेव्हा मला भीती वाटली. "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर" हे वचन संडे स्कूलमध्ये पाठ करून मी बक्षिसाची पेन्सिल आणली होती. पहारा कुठल्या दारावर ठेवायचा, ते त्या रात्री कळलं. पैशाचं दार माझं बंद आहे. तुमच्या नावाचं दार सताड उघडं आहे, आणि ते मला बंद करायचंही नाही.

आई, "माझ्या लेकराला मोह झाला" म्हणून डोळ्यांत पाणी आणू नकोस. मोह होणं हे पाप नव्हे. प्रभूलाही झाला, रानात, 40 दिवसांच्या उपासानंतर, पोटात भूक असताना. सैतानाने आधी भाकरीचीच गोष्ट काढली. भाकरीत काय वाईट आहे? लिफ्टमध्ये तरी काय वाईट आहे? चांगल्याच वस्तूचं नाव घेऊन तो येतो. प्रभूने तिन्ही वेळा पाठ असलेल्या शास्त्रातलं उत्तर दिलं, तिन्ही वचनं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली, आणि वाद वाढवला नाही.

बाबा, तुम्ही आता म्हणाल, "घेतलं नाहीस ना? मग खुर्ची कशाला सोडायची? दानीएल राहिलाच की दरबारात." मला माहीत होतं तुम्ही दानीएलच काढाल. दानीएल राहिला, आणि तुम्हीही निवृत्त होईपर्यंत नाक्यावर ताठ बसलात. पण योसेफाचंही बघा. पोटीफराच्या बायकोला तो रोज नाहीच म्हणत होता. तरी एक दिवस असा आला की नाही म्हणणं पुरलं नाही. झगा तिच्या हातात टाकून त्याला पळावं लागलं. त्याला कुणी भित्रा म्हटलेलं नाही. दावीद मात्र राजे लढाईला जातात त्या दिवसांत यरुशलेमेत राहिला आणि संध्याकाळी गच्चीवर फिरत बसला, आणि तिथेच मोहात पडला. तो माणूस पुन्हा येणार, दर तिमाहीला येणार, दर वेळी तुमची विचारपूस करणार. मी टिकलो असतो असं मलाही वाटतं. पण "आम्हांला परीक्षेत आणू नको" असं रोज म्हणायचं आणि परीक्षेच्या खुर्चीवर पगार घेऊन बसायचं, हे मला जमेना.

तुमचीच आवडती गोष्ट सांगतो. आपल्या नाशिकच्या शरणपूरला मिशनमध्ये शिकलेला आफ्रिकन जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याने आणि बरोबरच्या नोकरांनी साहेबांचं शव खांद्यावर घेतलं आणि महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने, कॅमेरॉनने, सुचवलं होतं की इथेच पुरून टाका. सल्ला शहाणपणाचाच होता. रस्ता धोक्याचा होता, दोष कुणी दिला नसता. त्यांनी ऐकलं नाही. लहानपणी मला त्यातलं चालणं मोठं वाटायचं, आता तो सल्ला न ऐकणं मोठं वाटतं.

आता घरचं. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे वेगळे आहेत, त्यांना हात लागलेला नाही, लागणारही नाही. डॉक्टर सांगतील त्या महिन्यात करायचं. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतो, मधल्या वळणावर खुर्ची राहील, घरमालकांशी बोललो आहे. बाथरूममध्ये दांडा लागेल तो आपल्या पैशाचा, स्टीलचा, नाताळात मी स्वतः उभा राहून बसवून घेतो. गीझर बदलतो. किराणा आणि दूध वर आणून देणाऱ्या मुलाला महिन्याचे पैसे मी परस्पर देतो, त्याच्याशी घासाघीस करू नका. रविवारी उपासनेला रिक्षाने जायचं, तीच रिक्षा थांबवायची आणि तिनेच परत यायचं. दोन मजले तुम्हाला अजून काही दिवस चढावे लागणार, याचं मला फार वाईट वाटतं. ते इथे एकदाच लिहितो, नाहीतर पत्र पुढे जाणार नाही.

आई, नाताळचा तारा लावायला स्टुलावर चढायचं नाही. मी आल्यावर लावतो. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. पहाटे गारठ्यात दाराशी उभं राहायचं नाही, आधी स्वेटर. बाबा, ती स्कूटर विकून टाका. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदले आहेत, अंधार पडल्यावर पायीसुद्धा बाहेर जाऊ नका. आणि मंडळीत कुणी फ्लॅटचं विचारलं तर "मुलगा बघतोय" एवढंच सांगा, माझी बढाई मारू नका. पाळकसाहेबांना मात्र सगळं सांगा आणि माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगा. इथे आम्ही दोघं दर शुक्रवारी मुलं झोपल्यावर बसतो, आठवड्यात कुठे मन ओढलं गेलं ते एकमेकांना सांगतो, मग प्रार्थना करतो. तुम्हीही त्या वेळी आमचं नाव घ्या.

24 तारखेला दुपारपर्यंत पोहोचतो. करंज्यांचं सारण करून ठेव आई, लाटायला मी आहे. बाबा, रागवायचं असेल तर समोर बसून रागवा, फोनवर गप्प राहू नका.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबांच्या शुगरचा रिपोर्ट मला अजून पाठवलेला नाही. उद्याच्या उद्या फोटो काढून पाठवा.