सुंदर वही आणि वाचता न येणारा मुलगा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

वॉल्डॉर्फ शाळांमधल्या भाषाशिक्षणावरचा कालच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. लेखिकेची तळमळ खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'मूल तयार झाले की अक्षरे आपोआप येतात' हे वाक्य आपण छापायला नको होते. बोलणे आपोआप येते, वाचणे नाही. आणि ज्या पद्धतीच्या नावावर हे वाक्य आले आहे, ती पद्धतही असे म्हणत नाही.

वॉल्डॉर्फ शाळांची ही पद्धत घालून देणारे रुडॉल्फ स्टायनर यांनी अक्षरओळख सातव्या वर्षाच्या आसपास, दुधाचे दात पडू लागतात त्या सुमारास सुरू करायला सांगितली. सुरू केल्यावर मात्र शिक्षकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. गोष्ट पुस्तकात न बघता सांगायची. दुसऱ्या दिवशी ती मुलांकडून ऐकायची. तिच्यातल्या सापाच्या वळणातून इंग्रजी 'एस' काढायचा, डोंगराच्या दोन शिखरांतून 'एम'. मुलांनी आधी लिहायचे आणि स्वतः लिहिलेलेच पहिल्यांदा वाचायचे. पहिलीत परीकथा, दुसरीत प्राण्यांच्या नीतिकथा, चौथीत उत्तर युरोपातल्या पुराणकथा, आणि रोज सकाळी सगळ्या वर्गाने मिळून कविता म्हणायच्या. हे सगळे मला मनापासून आवडले होते. म्हणूनच मुलाला अशा शाळेत घातले. पहिली तीन वर्षे तो घरी येऊन जे सांगायचा, ते ऐकताना मी हातातले काम बाजूला ठेवत असे.

त्याची वही पाहणारा थक्क व्हायचा. मेणाच्या खडूंची किनार, पानभर चित्र आणि खाली फळ्यावरून उतरवलेल्या टपोऱ्या अक्षरांतल्या ओळी. या शाळांत छापील पाठ्यपुस्तकाऐवजी मुलाने स्वतः तयार केलेली वही असते, हे लेखात कौतुकाने सांगितले आहे. तिसरीत असताना एका संध्याकाळी तो मला त्या वहीतले एक पान वाचून दाखवत होता. उच्चार स्वच्छ, आवाजात चढउतार. पण पान संपले तेव्हा त्याचे बोट दुसऱ्याच ओळीवर होते. मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारले, हा कुठला? त्याने शब्दाकडे पाहिलेच नाही. वर चित्राकडे पाहिले आणि म्हणाला, नदी. शब्द 'झाड' होता. मग त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेवरून मला कळले, की त्याला हे माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

तीन वर्षे तो अक्षरांची चित्रे काढत होता आणि पाठांतर म्हणून दाखवत होता. पाठांतर इतके उत्तम, की कुणालाच संशय आला नाही.

शिक्षकांना भेटले. ते सज्जन होते, मुलावर त्यांचा जीव होता. म्हणाले, घाई करू नका, तो अजून स्वप्नाळू वयात आहे, एक दिवस फुलेल. मी एक वर्ष थांबले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच उत्तर. या पद्धतीत एकच वर्गशिक्षक आठ वर्षांपर्यंत त्याच मुलांबरोबर राहतो. त्याने मिळणारी माया मी नाकारत नाही. पण नवा शिक्षक येत नाही म्हणजे नवी नजरही येत नाही, याचा विचार लेखात कुठेच नाही. शेवटी बाहेर तपासणी करून घेतली तेव्हा डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणे-लिहिणे अवघड जाण्याची अडचण, निघाला. मुलगा तोवर दहा वर्षांचा झाला होता आणि आपण मठ्ठ आहोत हे त्याने स्वतःशी पक्के करून टाकले होते. वाचायला तो पुढे शिकला. आवाज सुटे करायचे, जोडायचे, ऐकायचे, लिहायचे, रोज थोडे थोडे, दीड वर्ष. ते मनात रुतलेले 'मठ्ठ' काढायला त्याहून जास्त वेळ गेला.

लेखात न्यूझीलंडमधल्या अभ्यासाचा दाखला आहे. सातव्या वर्षी वाचन सुरू करणारी स्टायनर शाळांतली मुले अकराव्या वर्षापर्यंत पाचव्या वर्षी सुरू करणाऱ्यांच्या बरोबरीला आली, हा निष्कर्ष खरा आहे. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. पण ती गटाची सरासरी आहे. सरासरीत माझा मुलगा दिसत नाही. शिवाय त्या मुलांना सातव्या वर्षापासून वाचायला शिकवले जात होते, नुसती वाट पाहिली जात नव्हती. अक्षरे उशिरा द्यायची असतील तर जरूर द्या. पण मुलाला यमक ओळखता येते का, 'कमळ' शब्दातला पहिला आवाज कुठला हे सांगता येते का, हे पाहायला अक्षर लागतच नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी खेळता खेळता ते कळते. रोज कविता म्हणणाऱ्या शाळेला तर ते सर्वांत आधी कळायला हवे.

आपल्या लिपीबद्दलही लेखात एक ओळ नाही. अक्षराच्या पोटात चित्र शोधता येईल, काना-मात्रा-वेलांटीचे चित्र कुठून आणणार? 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात मागून येते. माझा मुलगा इथेच अडखळत असे. सापाचे वळण दाखवून हे सुटत नाही. हा आवाज आणि ही खूण यांची गाठ कुणीतरी बसून घालून द्यावी लागते.

आणखी एक. 'माँटेसरी असो वा स्टायनर, दोघांचे सांगणे एकच' हे लेखातले वाक्य साफ चुकीचे आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि त्या अक्षराचा आवाज म्हणत. स्टायनर यांची पहिली शाळा १९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये निघाली, तिथे त्या वयात अक्षर नाहीच. दोघेही मुलाच्या वाढीचा हवाला देतात आणि अगदी उलट सल्ला देतात. पालकांनी यातून काय घ्यायचे, हे लेखिकेने पुढच्या लेखात लिहावे. ज्या मुलाचे बोट मागे राहते, त्याच्यासाठी शिक्षकाने नेमके काय करायचे, तेही लिहावे.

जाता जाता आपल्या बालविभागाबद्दल. गेली कित्येक वर्षे तिथली गोष्ट गडद रंगाच्या चित्रावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापली जाते. मुलगा वाचायला शिकत होता त्या दिवसांत ती गोष्ट मी दर आठवड्याला कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून देत असे. चित्र बाजूला घ्या आणि अक्षरे पांढऱ्यावर काळी छापा, एवढी विनंती मी यापूर्वीही दोनदा पत्राने केली आहे.

आपली,
एक पालक