प्रोग्राम चालला म्हणून तो बरोबर ठरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्वतःच्या बळावर प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी जे लिहिले जाते, ते बहुधा ‘कोणती भाषा शिकावी’ इथेच संपते. पायथन किंवा जावास्क्रिप्टवर हात बसला की अनेक जण सी भाषेकडे वळतात. तिथे मेमरी स्वतः मागायची आणि स्वतः परत करायची असते. लिहा, चालवून पाहा, चालले की पुढे जा, ही आजवरची रीत नेमकी इथे दगा देते. शिक्षक नसलेल्याला आपले काम तपासायला प्रोग्रामच्या उत्तराखेरीज दुसरे काही नसते, आणि सीमध्ये चुकलेला प्रोग्रामही महिनोन्महिने अचूक उत्तर देत राहू शकतो.

असे का होते, ते एका उदाहरणातून दिसेल. दहा अक्षरांच्या इंग्रजी शब्दासाठी मेमरी देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनकडून 10 बाइट मागितले. स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट लागतो, म्हणजे हवे होते 11. तरीही काही बिघडत नाही. कारण 64 बिटच्या लिनक्सवर ग्लिबसी या सीच्या लायब्ररीचे मॅलॉक 32 बाइटांपेक्षा लहान तुकडा देतच नाही आणि त्यातले 24 बाइट वापरता येतात. अकरावा बाइट मोकळ्या जागेत पडतो. शब्द नेमका 24 अक्षरांचा झाला, की तोच कोड शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर शून्य लिहितो. प्रोग्राम त्या ओळीवर कोसळत नाही. कोसळलाच, तर नंतर कुठल्या तरी निर्दोष मॅलॉकच्या किंवा मेमरी परत करणाऱ्या फ्रीच्या ओळीवर, आणि शिकणारा ती ओळ तपासण्यात दिवस घालवतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की मेमरीचा पहिला धडा पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलाचा, नसावा, तपासणीच्या साधनाचा असावा. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन येते. कंपाइल करताना ‘एफसॅनिटाइझ’ या पर्यायाला ‘ॲड्रेस’ ही किंमत द्यावी आणि ओळींचे क्रमांक दिसावेत म्हणून ‘जी’ हा पर्याय जोडावा. वर सांगितलेली चूक मग पहिल्याच वेळी पकडली जाते: कुठे लिहिले, तो तुकडा कुठे मागितला होता, आधीच परत केला असेल तर कुठे, सगळे ओळीसकट छापले जाते. वेग साधारण निम्मा होतो, पण सरावासाठी तो पुरेसा आहे. मात्र हे साधन सर्वज्ञ नाही. किंमत न दिलेल्या मेमरीचे वाचन ते पकडत नाही. त्यासाठी व्हॅलग्राइंड हे वेगळे साधन लागते, ते बरेच संथ असते आणि स्टॅकवरच्या, म्हणजे फंक्शनच्या स्थानिक, ॲरेबाहेरचे लिखाण त्याच्या नजरेतून सुटते. दोन्ही वापरावीत, पण वेगवेगळ्या वेळी. एकाच बिल्डवर ती एकत्र चालत नाहीत.

सर्वांत जास्त छळते ती रिअलॉकची, म्हणजे घेतलेल्या तुकड्याचा आकार बदलून देणाऱ्या फंक्शनच्या वापरातली, चूक. वाढत्या ॲरेतल्या एका घटकाचा पत्ता कुठे तरी जपून ठेवला आणि मग ॲरे वाढवला. रिअलॉकला पुढे मोकळी जागा मिळाली तर तुकडा आहे तिथेच वाढतो आणि जुना पत्ता चालत राहतो. छोट्या चाचणीत बहुधा असेच होते, कारण मध्ये दुसऱ्या कुणी मेमरी मागितलेली नसते. खऱ्या प्रोग्राममध्ये ती मागितली जाते, तुकडा दुसरीकडे हलतो आणि जपलेला पत्ता परत केलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. उपाय सोपा आहे: पत्ता ठेवू नका, अनुक्रमांक ठेवा. शिवाय रिअलॉकचे उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये घेऊ नये. जागा मिळाली नाही तर नल, म्हणजे रिकामा पत्ता, येतो आणि जुन्या तुकड्याचा एकमेव पत्ता हातचा जातो. आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यावे, तपासावे, मग बदलावे.

हे अंगवळणी पडल्यावर स्वतःचे छोटे मॅलॉक लिहावे. एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याही सरावात नाही. 64 केबीचा एक ॲरे 16 बाइटांच्या सीमेवर घ्या. प्रत्येक मागणी 16 च्या पटीत वर न्या आणि प्रत्येक तुकड्यापुढे आकाराची नोंद ठेवा. नोंद 8 बाइटांत मावते, तरी तिला 16 द्या, नाहीतर पुढचा पत्ता सीमेवरून घसरतो. आता 48 बाइटांच्या मागण्या करा. नोंदीसकट प्रत्येकी 64, म्हणजे 1024 तुकड्यांत ॲरे भरतो. एकाआड एक तुकडा परत करा. 32 केबी मोकळे आहेत, पण 100 बाइटांची मागणी पुरी होत नाही! विखुरलेली मेमरी म्हणजे काय, हे इथे जसे समजते तसे व्याख्या वाचून समजत नाही. शेजारचे मोकळे तुकडे जोडण्याचा कोड त्यानंतर लिहावा.

अशा चुका फक्त नवशिक्यांच्या हातून होतात, असा समज नको. 2014 मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड दोषात इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीने समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता मान्य केली, आणि एका विनंतीत 64 केबीपर्यंत परकी मेमरी बाहेर देता येत होती.

सीचे धडे तयार करणाऱ्यांना एक विनंती. ओळ वाचणारे गेट्स हे फंक्शन सीच्या 2011 च्या मानकातून काढून टाकले आहे, कारण किती बाइट लिहायचे हे त्याला सांगताच येत नाही; 1988 च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर पसरलेल्या प्रोग्रामने याच उणिवेचा फायदा घेतला होता. तरी जुन्या धड्यांतून ते अजून शिकवले जाते. त्याऐवजी एफगेट्स शिकवावे आणि बफरचा, म्हणजे वाचलेला मजकूर ठेवायच्या ॲरेचा, आकार फंक्शनला वेगळा पाठवायला सांगावे, कारण फंक्शनच्या आत आकार सांगणारे साइझऑफ पाठवलेल्या ॲरेचा आकार देत नाही, पॉइंटरचा देतो, म्हणजे 64 बिटवर 8. एफगेट्स ओळीअखेरचे नव्या ओळीचे चिन्हही बफरमध्ये ठेवते. ते काढण्याचा कोड त्याच धड्यात द्यावा.

आपले,
सी भाषेत काम करणारे काही वाचक