दरमहा पैसे देणाऱ्या त्या तेलाच्या ट्रस्टबद्दल

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

पोस्टाच्या मासिक योजनेची पाच वर्षं संपली, आता ते पैसे कॅनडातल्या एनर्जी ट्रस्टमध्ये टाकू का, असं बाबांनी विचारलंय. दरमहाच्या खर्चाचा पैसा असेल, तर माझं उत्तर नको असं आहे.

पोस्टात मुद्दल जागेवर राहतं. ट्रस्ट विहिरीतलं तेल विकून आलेला पैसा वाटतो, आणि विहीर दरवर्षी आटते. त्यामुळे हातात येणाऱ्या रकमेत तुमच्याच मुद्दलाचा तुकडा असतो. शिवाय ते जुने ट्रस्ट आता जवळपास उरलेले नाहीत. ३१ ऑक्टोबर २००६ रोजी अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी त्यांच्यावर कर जाहीर केला. जुन्या ट्रस्टना तो २०११ पासून लागू झाला आणि बहुतेकांच्या साध्या कंपन्या झाल्या. त्यातली पेनग्रोथ एके काळी मोठं नाव होती; २०२० च्या जानेवारीत ती शेअरला पाच सेंट भावाने विकली गेली.

ऑइल सँड्सचं, म्हणजे तेल मुरलेल्या वाळूचं, गणित वेगळं आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकमरेजवळ वरच्या थरातली डांबरी वाळू खणून काढतात. एका बॅरलला साधारण दोन टन लागते. खोलवर असेल तिथे एकावर एक अशा दोन आडव्या विहिरी घेतात, वरच्या विहिरीतून वाफ सोडतात आणि पातळ झालेलं बिटुमेन (वाळूतलं घट्ट, डांबरासारखं तेल) खालच्या विहिरीतून उपसतात. हे साठे दशकानुदशकं पुरतात, ही त्यांची खरी ताकद. पण वाफेला गॅस लागतो, पाइपलाइनमधून वाहावं म्हणून पातळ द्रव मिसळावा लागतो, आणि एवढं करून भाव अमेरिकी तेलापेक्षा कमीच मिळतो. २०१८ च्या अखेरीस पाइपलाइन अपुऱ्या पडल्या, तेव्हा हा फरक बॅरलमागे ४० डॉलरच्या वर गेला आणि अल्बर्टा सरकारला उत्पादन कापायला लावावं लागलं. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटनची वाढीव लाइन सुरू झाल्यावर तो बराच आवळला. म्हणून नुसता तेलाचा भाव बघू नका, हा फरकही बघा.

बाबा, एकाच प्रकल्पावरची पैज तर नकोच. कॅनेडियन ऑइल सँड्स ट्रस्टकडे मुख्यतः सिंक्रूड या एकाच ऑइल सँड्स प्रकल्पाचा ३६.७४ टक्के हिस्सा होता. तिथलं एखादं युनिट दुरुस्तीला गेलं की वाटप लगेच हलायचं. २०१६ मध्ये सनकोर या मोठ्या तेल कंपनीने ती घेतली. पण मोठी म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०२० मध्ये सनकोरनेच तिमाही लाभांश ४६.५ सेंटवरून २१ सेंटवर आणला.

आता कर, आणि तुमच्यासाठी हाच कळीचा मुद्दा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या लाभांशातून कॅनडा २५ टक्के आधीच कापतं. १०० डॉलरचे ७५ हातात पडतात. कापलेल्याची वजावट भारतात मिळते, पण त्या उत्पन्नावर तुमचा इथला कर जेवढा होतो तेवढीच. तुमचा कर पाच टक्के किंवा शून्य असेल, तर उरलेलं गेलंच. त्यात शेअर एकच असला तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरावं लागतं, म्हणजे सोपा आयटीआर-१ चालत नाही.

तरीही हौस असेल, तर दहा वर्षं हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम घाला, आणि तीही दोन-तीन मोठ्या कंपन्यांत वाटून. घरखर्चाचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. व्याज दर तिमाहीला येतं, मर्यादा प्रत्येकी ३० लाख आहे.

रविवारी फोन करते. बाबा, तेव्हा गेल्या वर्षीचं विवरणपत्र समोर ठेवा. एकूण कर किती भरलात ते वाचून दाखवलंत, की २५ टक्क्यांतले किती परत मिळतील ते फोनवरच काढता येईल.

तुमची लेक