राजीनामा देण्याआधी

नागपूर, १२ डिसेंबर

प्रिय चिऊ,

तुझी मेल परवाच आली. फोन करणार होते, पण फोनवर तू ‘चल, बाळ उठलं’ म्हणून ठेवतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. म्हणून बसून लिहून राहिले. पोरं झोपली आहेत, थंडी चांगली पडली आहे. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले होते, म्हणून आज ऑफिसातून सगळ्याच लवकर निघालो.

तू लिहितेस, ‘नोकरी सोडते आणि स्वतःचं काही सुरू करते, म्हणजे बाळाजवळ तरी राहता येईल.’ माझं मत आधीच सांगून टाकते. कंपनी काढ, तुला जमेल. पण बाळाजवळ राहता यावं म्हणून काढू नकोस. धंद्याच्या सुरुवातीला हातातला वेळ कमीच होतो. मग मनासारखं घडलं नाही की तू स्वतःला दोष देत बसशील, आणि तो तुझा दोष नसेल.

आमचंच बघ. आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबवाले वापरतात: इथल्या रामदासपेठ, धंतोलीतले, शिवाय वर्धा, भंडारा, यवतमाळचे. लॅबचा दिवस उपाशीपोटी दिलेल्या रक्तापासून सुरू होतो. सकाळी सातला रांग लागते. मशीनमधला रिपोर्ट कॉम्प्युटरवर उतरला नाही, बारकोडचं स्टिकर छापलं नाही, की फोन येतो, आणि तो सात ते नऊच्या मधेच येतो. त्याच वेळी घरी डबा भरायचा असतो, वेणी घालायची असते, व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत असतात. नोकरीत असताना मुलाला ताप आला तर सुटी टाकता यायची. इथे समोरच्या माणसाने पैसे मोजलेले असतात आणि त्याच्या दारात म्हातारी माणसं चहाही न पिता उभी असतात. त्यांना ‘थोड्या वेळाने बघते’ म्हणवत नाही गं.

उन्हाळ्याचं तर तू विसरूनच गेली असशील. तुमच्याकडे पुण्यात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हापायी आणखी उशिरा. पंचेचाळीस डिग्रीत पोरं दिवसभर घरात, आणि क्लायंटला कसली आली सुटी!

आता रजेचं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. जिथे ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावं असंही त्यात लिहिलं आहे. रजेनंतर घरून काम करायचं असेल तर तेही कंपनीशी बोलून ठरवता येतं. हे सगळं नोकरदार बाईसाठी. मालकिणीला रजा देणारं कोणी नाही. दुसरं बाळ हवं असेल तर हे आत्ताच मनात धर. माझ्या धाकटीच्या वेळी मी दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं. आई बाळाला तेल लावत होती आणि मी ओटीपी सांगत होते.

याची दुसरी बाजूही मला आता दिसते. ती २६ आठवड्यांची रजा, ईएसआयसी या सरकारी कामगार विम्यातल्या बायका सोडल्या तर, पूर्णपणे मालकाच्या खिशातून जाते. सरकार त्यात काही घालत नाही. त्यामुळे छोट्या कंपन्या नुकतं लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत आडून आडून नको ते विचारतात आणि मग फोनच करत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो. आमच्याकडे दहा जणीही नाहीत, म्हणजे तो कायदा आम्हाला लागू होत नाही. तरी आम्ही दर इनव्हॉइसमधला थोडा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्यातून रजेचा पगार देतो. गेल्या वर्षी आमची एक मुलगी पूर्ण २६ आठवडे घरी राहून परत आली. ती परत आली त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं मोठी ऑर्डर मिळाल्यावरही वाटलेलं नाही.

तुझं अप्रेजल वाचून जीव तुटला. सहा महिने कायद्याने रजेवर होतीस आणि कागदावर लिहिलं ‘अपेक्षेपेक्षा कमी योगदान’. माझ्या जुन्या कंपनीतही हेच झालं होतं: रजेवरून परतले तर माझं मॉड्यूल दुसऱ्याकडे, आणि मला जुन्या प्रोजेक्टचे बग. पण आई झाल्याने डोकं कमी चालतं हे मनात येऊ देऊ नकोस. तू टेस्टर आहेस, तुला मार्गारेट हॅमिल्टनची गोष्ट आवडेल. अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरचं काम एमआयटीत त्यांच्या हाताखाली होत होतं. रात्री आणि शनिवार-रविवारी त्या आपल्या लहानग्या लेकीला, लॉरेनला, सोबत नेत. एकदा लॉरेनने सिम्युलेटरची, म्हणजे यानाची नक्कल करणाऱ्या यंत्राची, बटणं दाबता दाबता उड्डाणाच्या आधीचा पी-०१ हा प्रोग्रॅम चालू केला आणि सिम्युलेटर बंद पडला. असं प्रत्यक्षातही होऊ शकतं, म्हणून त्याला अडवणारी तपासणी घालू द्या, असं हॅमिल्टन यांनी सुचवलं. उत्तर मिळालं की प्रशिक्षित अंतराळवीर अशी चूक करणारच नाहीत. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ चंद्राकडून परत येत असताना जिम लॉव्हेल यांच्याकडून नेमका पी-०१ निवडला गेला आणि दिशादर्शनाची माहिती पुसली गेली. मुलांच्या आईला माणसं काय काय करू शकतात हे रोज दिसतं. तुझ्या कामात तेच तर लागतं.

मग आमचं पुढे कसं जमलं, ते सांगते. सुरुवातीला कुठल्या लॅबमध्ये कुठलं मशीन, कुणाचा पासवर्ड, कुणाचा जुना डेटा कुठे, सगळं एकट्या माझ्या डोक्यात होतं. एकटीने सुरू केलं की तसंच असतं. म्हणजे मी आजारी पडू शकत नव्हते आणि पोरीच्या गॅदरिंगलाही जाऊ शकत नव्हते. नंतर ठरवलं, की प्रत्येक लॅब दोघींना पूर्ण माहीत हवी. फोन आला की काय झालं, काय केलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, असं की दुसरीला वाचून काम करता यावं. सकाळचे फोन आता जिचा मुलगा कॉलेजात आहे ती घेते आणि दुपारी तीनला घरी जाते. लहान मुलांच्या आया साडेनऊला येतात. मी दहावीच्या पालकसभेला फोन बंद ठेवून बसू शकते, ते यामुळे.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला, त्यांनी हेच आकडे मांडून दाखवलं आहे. सारखं शिकलेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत सुरुवातीला फार अंतर नसतं. पहिल्या मुलानंतर ते वाढत जातं, कारण बक्कळ पैसे त्याच कामांना मिळतात जी रात्री-बेरात्री, कधीही, त्याच एका माणसाला मागतात. अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचं उदाहरण त्यांनी दिलं आहे. पूर्वी तिथला औषधवाला स्वतःच्या दुकानाला बांधलेला असे. पुढे मोठ्या साखळ्या आल्या, रुग्णाची माहिती कॉम्प्युटरवर आली, आणि एका फार्मासिस्टचं काम दुसरा जसंच्या तसं करू शकू लागला. आता त्या पेशात बायका जास्त आहेत आणि कमी तास काम केलं म्हणून तासाचा दर फारसा घसरत नाही. माझी खात्री आहे की आपलं सगळं यावरच अडलं आहे. तुझ्या जागी उभी राहू शकेल अशी दुसरी व्यक्ती आहे का? ऑफिसात आहे का, घरी आहे का? हिंमत तुझ्याकडे पुष्कळ आहे, तिचा प्रश्नच नाही.

याच पायावर इंग्लंडमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांवर कंपनी उभी केली. मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायकांना त्यांनी घरबसल्या काम दिलं. पहिल्या तीनशे जणांत पुरुष तिघेच. कॉनकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी घरी बसून केलं. पत्रांवर ‘स्टीव्ह’ अशी सही केली तेव्हा कुठे उत्तरं यायला लागली. फोनवर मागून बाळाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. आज आपण म्यूट दाबतो, तेच. त्यांचा मुलगा जाइल्स तीव्र स्वमग्न होता, आणि त्याला सांभाळणं व कंपनी चालवणं दोन्हींनी त्यांना फार दमवलं, हे त्यांनी कधी लपवलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. मला त्या फार जवळच्या वाटतात.

आता घरचं, आणि हे तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. तो ‘मदत करतो’ असं तू लिहितेस. मदत नको मागूस, एखादं खातंच पूर्ण त्याच्याकडे दे. आमच्याकडे डॉक्टर आणि लसीकरण नवऱ्याकडे आहे. तापाचं औषध किती मिली द्यायचं हे तो मला विचारत नाही, मी त्याला विचारते. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तोच आहे. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं, पण एकदा मी यवतमाळला अडकले असताना त्याने तिन्हीसांजेला पोरीला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन आणलं, आणि विषय मिटला.

पैशाचं थोडक्यात. वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच आठवड्यात कर, ती फुकट आहे. ती असली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा नियम तुझ्या बाजूने उभा राहतो, आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. लोक तरीही उशीर करतात, पण पत्रात कलम लिहिलं की आवाज बदलतो. राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आहे, एक लाखापासून २५ लाखांपर्यंत मदत मिळते. पण त्यासाठी कंपनी किमान वर्षभर जुनी हवी, आणि उलाढाल दहा लाख ते एक कोटीच्या मधे हवी. म्हणजे पहिलं वर्ष आपल्याच दमावर काढायचं.

आता तू काय करावंस? आधी कंपनीला लेखी विचार: पाळणाघर कुठे आहे, घरून कामाचं काय ठरवायचं, अप्रेजलमध्ये रजेचे महिने कसे धरले. तोंडी नाही, मेलवर. तुझ्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल आणि तू लिहिलेल्या कोडच्या मालकीबद्दल काय आहे तेही नीट वाच. आणि शोध कुणीतरी जोडीला. तू ज्या मैत्रिणीबद्दल लिहिलं होतंस, दोन मुलांनंतर घरी बसलेली, डेटाबेसमधली पक्की, तिला विचार ना. ती ‘हो’ म्हणाली तर माझा अर्धा विरोध तिथेच संपला.

संक्रांतीनंतर बाळाला घेऊन ये. ऑरेंज सिटीची संत्री तेव्हा अजून असतील. त्रिमूर्तीनगरला आमच्या ऑफिसात दोन दिवस बस, सकाळचे फोन स्वतः ऐक, आमच्या जमाखर्चाच्या वह्या उघडून बघ, मुलींशी माझ्या पाठीमागे बोल. तुझ्या पहिल्या प्रॉडक्टचं टेस्टिंग मी करून देईन आणि माझ्याकडच्या लॅबवाल्यांची ओळखही. तोवर राजीनामा पाठवू नकोस, आणि एचआरचं उत्तर आलं की मला लगेच पाठव.

तुझीच,
मनी