हद्द कुणाची ते नंतर ठरवा, आधी तक्रार घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी कशा हाताळाव्यात यावर पोलिसांचं प्रशिक्षण झाल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. आनंद वाटला. दीपप्रज्वलन कुणी केलं, रोप देऊन स्वागत कुणाचं झालं, आभार कुणी मानले, सगळं सविस्तर आलंय. फोटोही मोठा आहे. शिकवलं काय, ते मात्र 'मान्यवरांनी मार्गदर्शन केले' एवढ्यावर आटोपलंय. म्हणून विचारते, त्या मार्गदर्शनात हद्दीचा विषय निघाला होता का?

कर्नाटकातल्या आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लेकी महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याला देतात, तिकडच्या इकडं येतात. सोयरीक जमवताना राज्य कुणी बघत नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला ही सीमा पहिल्यांदा दिसते ती पोलीस ठाण्यात.

माझ्या बहिणीच्या मुलीचं सासर पलीकडं, महाराष्ट्रात. गेल्या पावसाळ्यात ती शेवटच्या गाडीनं, नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आली. कान सुजलेला, पोरगं सासरच्यांनी ठेवून घेतलेलं. भांडण कशावरून? लाडक्या बहिणीच्या 1500 रुपयांवरून. तिच्या खात्यात पडतात आणि नवऱ्याच्या खिशात जातात. (इकडं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या 2000 चं काय होतं ते बायकांना विचारा. कायद्यात आर्थिक छळ हासुद्धा हिंसाचारच धरलाय, हे किती ठाण्यांत माहीत आहे?)

इकडच्या ठाण्यात गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, "घटना महाराष्ट्रात घडली, आम्ही काय करणार? तिकडं जावा." तिकडं गेलो. तिथले साहेब मराठी, म्हणून आम्हाला उगीच धीर आला. ते म्हणाले, "ताई आता माहेरी राहतात ना, मग तुमचं ठाणं कर्नाटकातलं." वर आमच्यादेखत नवऱ्याला फोन लावून "बायकोला घेऊन जा रे" असा दम दिला. म्हणजे ज्याच्या भीतीनं ती पळाली, त्याला ती कुठं बसली आहे हे पोलिसांनीच कळवलं!

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एकेका गावावरून दोन्ही सरकारं इंचभर हटत नाहीत. बाईची तक्रार आली की मात्र दोन्हीकडं केवढं औदार्य! घ्या, तुमचीच हद्द.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. सासरहून हाकललेली किंवा पळून आलेली बाई जिथं आसऱ्याला आहे, तिथं छळाची केस चालू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे. 1 जुलै 2024 पासून जे नवे कायदे आले, त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तर स्पष्टच आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती द्यायची तर कुठल्याही ठाण्यात देता येते. कागद योग्य ठाण्याकडं धाडायचं काम पोलिसांचं, सुजलेला कान घेऊन फिरायचं काम बाईचं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्जसुद्धा ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयात करता येतो. आणि "हे कोर्टाचं काम, आमचं नाही" म्हणणाऱ्यांसाठी त्याच कायद्याचं कलम 5 आहे. संरक्षण अधिकारी (अशा बायकांच्या मदतीला सरकारनं नेमलेला अधिकारी) कोण, मोफत वकील कुठं मिळेल, हे बाईला सांगणं पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि गुन्हा दखलपात्र असेल तर तो नोंदवण्यातून सुटका नाही, हेही तिथंच लिहिलंय. कायदा लागू झाला ऑक्टोबर 2006 मध्ये. एवढ्या वर्षांत एक कलम पाठ व्हायला हरकत नव्हती.

संरक्षण अधिकाऱ्यांचंही ऐका. आपल्याकडं ते काम तालुक्याच्या सीडीपीओंकडंच, म्हणजे अंगणवाड्या बघणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडंच, असतं. मी अंगणवाडीत उमेद घालवली आहे, त्यामुळं त्या खुर्चीवर काय काय येऊन पडतं ते मी पाहिलंय. अंड्यांचा हिशेब, इमारतींची भाडी, मीटिंगा, आणि त्यातून वेळ उरला तर मार खाल्लेल्या बायका. त्यांना दोष देत नाही. पण पोलिसांनी निदान त्यांच्याकडं बाई पाठवावी तरी! आम्हाला मिळाला तो सल्ला एका हवालदाराचा. "अक्का, संसारात भांड्याला भांडं लागतंयच, ॲडजस्ट माडकोळ्री." म्हणजे जुळवून घ्या. हे मात्र ते दोन्ही भाषांत शिकलेले होते.

या खेपांत सूज उतरली. दवाखान्याचा कागद झाला तेव्हा डॉक्टरांनी लिहिण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आता समोरचा वकील विचारतो, मारलं होतं तर लगेच का नाही आलात? आम्ही लगेचच आलो होतो हो, पण आल्याची कुठं नोंदच नाही.

शेवटी वकीलबाई बरोबर आल्या तेव्हा इकडच्याच ठाण्यात जबाब झाला. पोरगी मराठीत बोलत होती, रायटर कन्नडमध्ये लिहीत होता. पानं भरल्यावर "सही करा" म्हणाला. वाचून दाखवा म्हटलं तर चिडला. माझं कन्नडशी काडीचं वैर नाही, माझ्या अंगणवाडीत कन्नड पोरं होती आणि मी त्यांची गाणी गायली आहेत. पण लिहिलेली तक्रार देणाऱ्याला वाचून दाखवायची, हे त्याच कलम 173 मध्ये आहे. संविधानाच्या 350 व्या कलमानं तर राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. वकीलबाईंनी आग्रह धरला तेव्हा वाचून झालं, आणि कळलं की पोरगं ठेवून घेतल्याची गोष्ट जबाबात आलेलीच नव्हती. ज्यांच्याबरोबर वकील नाही त्या बायका कशावर सह्या करत असतील?

पुढच्या प्रशिक्षणाला आपला वार्ताहर जाईल तेव्हा त्यानं फोटोच्या आधी एवढंच विचारावं, की सासर पलीकडं असलेली बाई उद्या दारात आली तर तक्रार लिहून घेणार का, आणि घेतली तर वाचून दाखवणार का? उत्तर देणाऱ्या साहेबांचं नाव हुद्द्यासकट छापावं. माझं छापू नये, भाचीची केस अजून चालू आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी कार्यकर्ती, बेळगाव तालुका