अभिप्राय विचारा, पण बिल भरून झाल्यावर

मा. संपादक,

मोठ्या खासगी रुग्णालयांत हल्ली डिस्चार्जच्या दिवशी सकाळीच एक मुलगी टॅब घेऊन खाटेपाशी येते. जेवण कसं होतं, सिस्टर नीट बोलल्या का, आमच्याकडे पुन्हा याल का? पेशंटच्या हातात सलाईनची सुई अजून तशीच, बिल व्हायचंय. अशा वेळी वाईट कोण लिहील? वडिलांच्या वेळी आम्हीही पाचपैकी पाच तारे दिले.

खरा अनुभव त्यानंतर आला. ‘फाईल बिलिंगला गेलीय’, ‘टीपीएचं (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेचं) अ‍ॅप्रूव्हल यायचंय’ हे ऐकण्यात दुपार गेली. चौऱ्याहत्तरीतला माणूस घरचे कपडे घालून, पिशव्या भरून खाटेवर बसलेला आणि सुई काढायला कोणी येईना, कारण पावती वर आली नव्हती. ऑपरेशन उत्तम झालं. भेटायला येणाऱ्यांना मात्र वडील त्या दुपारचीच कहाणी ऐकवतात.

विमा नियामक ‘इर्डाई’ने मे २०२४ मध्ये बजावलं आहे की, रुग्णालयाने डिस्चार्जचं कळवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी, उशिरामुळे वाढलेला खर्चही कंपनीनेच सोसावा. पण रुग्णालयाने फाईलच दुपारी पाठवली तर? शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत राज्याने २०२१ साली दुरुस्ती केली, त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आम्ही होतो तिथे सनद लावलेली होती. कुंडीच्या मागे!

पेशंट परत आला म्हणजे खूश आहे, हेही खरं नाही. तालुक्याच्या गावी दुसरी सोयच नसते, म्हणून माणसं तिथेच जातात.

आमच्या भागातल्या जुन्या नर्सिंग होमला लिफ्ट नाही, रंग उडालाय. पण तिथल्या सिस्टर गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर पेनाने सूर्य-चंद्र काढून देतात आणि कोणती कधी घ्यायची ते आईकडून एकदा वदवून घेतात. डॉक्टर खर्चाचा आकडा आधी सांगतात, वाढणार असेल तर बोलावून घेऊन सांगतात. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आता तिथेच करायचं ठरलंय.

रुग्णालयांनी घरी गेल्यावर चार दिवसांनी फोन करावा. डिस्चार्जला किती तास लागले, खर्चाचा अंदाज आधी दिला होता का, गोळ्या कोणी समजावल्या, एवढंच विचारावं. आम्हाला असा फोन आला नाही. ‘फुल बॉडी चेकअप’वर सवलतीचे मेसेज मात्र न चुकता येतात.

— एक वाचक, नाशिक