गुलाबी बोंडअळीचा प्रश्न एका शेतापुरता नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पुरवणीत दर हंगामात गुलाबी बोंडअळीवर सल्ला येतो. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा, डोमकळ्या (अळी लागलेल्या, न उमललेल्या कळ्या) तोडून नष्ट करा, नॉन-बीटीच्या ओळी लावा, फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी) घेऊ नका. सल्ला बरोबर असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सगळं का करायचं ते सहसा लिहिलेलं नसतं, आणि जिथे कारण दिलेलं असतं तिथे ते हमखास असं असतं की अळीला आता बीटीची सवय झाली आहे. मी कापूसपट्ट्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, घरची कोरडवाहू शेती अजून सुटलेली नाही. दहावीच्या मुलाने पेपरात असं उत्तर लिहिलं असतं तर मी निम्मे गुण कापले असते. हा निव्वळ परीक्षकी खवचटपणा समजू नये. सवय हेच कारण मनात बसलं, की माणूस आणखी जहाल औषधाच्या मागे लागतो. खरं कारण कळलं तर तोच माणूस बांधावरच्या चार ओळींकडे वेगळ्या नजरेने बघतो.

बीटी कपाशीच्या झाडात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं आणि त्यामुळे झाड अळीला घातक असं प्रथिन स्वतःच तयार करतं. अळीने बोंड खाल्लं की हे प्रथिन तिच्या आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागांना चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. मात्र लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की तिच्यात ही चिकटण्याची जागाच बिघडलेली असते. हा बिघाड जन्मजात, आईबापांकडून आलेला. बीटी कपाशी आपल्या शेतात यायच्या आधीही अशा तुरळक अळ्या जन्मत असणार, फक्त त्या असण्या-नसण्याने कुणाला काही फरक पडत नव्हता. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पडू लागला.

एकही अळी बीटी खाऊन बदलत नाही. ती खाते आणि मरते, किंवा खाते आणि जगते. बदलते ती पुढच्या पिढीतल्या पतंगांची गोळाबेरीज. नैसर्गिक निवड म्हणतात ती एवढीच. तिला लाखो वर्षं लागतात असा आपला समज असतो, पण कपाशीच्या एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होतात.

थोडा हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत. प्रत्येक अळीत त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. समजा हजार प्रतींत एक प्रत बिघडलेली आहे. बीटीतून सुखरूप सुटायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, म्हणजे 10 लाखांत एक अळी. एकच प्रत बिघडलेली असेल तर भरपूर विष असलेल्या झाडावर तीही मरते. आता सगळं शिवार बीटीचंच असेल, तर जगलेल्या मोजक्या अळ्यांचे पतंग कुणाशी जुळणार? आपल्यासारख्याच जगलेल्यांशी. त्यांची सगळी पिल्लावळ दोन्ही प्रती बिघडलेली, म्हणजे बीटी पचवणारी. याउलट जवळच नॉन-बीटी कपाशीच्या ओळी असतील तर तिथून साधे पतंग शेकड्यांनी निघतात. बीटीतून सुटलेल्या एखाददुसऱ्या पतंगाची गाठ बहुतेक वेळा त्यांच्याशीच पडते. त्यांच्या पिल्लांत एक प्रत चांगली, एक बिघडलेली. ती बीटीवर गेली की मेली.

आश्रय ओळींचं, म्हणजे गावात ज्याला रेफ्युजी म्हणतात त्याचं, सगळं मर्म यात आहे. अळी जगावी म्हणूनच त्या ओळी लावायच्या. हे वाक्य शेतकऱ्याला विचित्र वाटणारच. अळी मारायचं बियाणं विकत घ्यायचं आणि शेजारी तिची सोय लावायची! कारण सांगितलं नाही तर बियाण्यासोबत मिळणारं ते 120 ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट कुठे जाणार होतं? कचऱ्यात. गेलंही तिथेच. नियमाने पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते, नॉन-बीटी ठेवायचं होतं. आमच्या भागात मी तरी ते क्वचितच पाहिलं.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. 2009 च्या हंगामात गुजरातमध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांतल्या बीटीवर गुलाबी अळी जगताना दिसली आणि मार्च 2010 मध्ये बीटीचं तंत्रज्ञान आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीने ते जाहीरपणे मान्य केलं. तोवर दुसरं प्रथिन जोडलेलं बोलगार्ड-2 बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. त्यामागची कल्पना चांगली होती, पहिल्यातून सुटलेली अळी दुसऱ्याने मरेल. पण पहिलं जिथे निकामी झालं होतं तिथे दुसरं एकटंच लढत होतं, आणि 2014-15 पर्यंत गुजरातमध्ये तेही हरलं. महाराष्ट्राला 2017 मध्ये त्याचा फटका बसला. बोंड वरून हिरवंगार आणि आत सरकी पोखरलेली, वेचणीला कवडी कापूस. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने विदर्भात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणं अनेक होती आणि सगळा दोष या एका अळीवर टाकता येणार नाही. तरी ज्या बियाण्याने फवारण्या कमी होतील असं सांगितलं होतं, त्याच पिकात माणसं पंप पाठीवर घेऊन मेली, हे विसरता येत नाही.

हिरव्या बोंडअळीवर मात्र बीटीचा धाक कितीतरी जास्त टिकला. शेत तेच, झाड तेच, प्रथिनंही तीच, मग एक किडा शिरजोर झाला आणि दुसरा का नाही? हिरवी बोंडअळी म्हणजेच हरभऱ्यावरची घाटेअळी. ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवरही जगते. म्हणजे तिच्यासाठी रेफ्युजी सगळ्या शिवारात आपोआप उभी असते, शासनाने सांगो वा न सांगो. गुलाबी अळीचं पोट जवळजवळ सगळं कपाशीवरच. तिला बीटीबाहेर जागा हवी तर ती आपण नॉन-बीटी कपाशी लावूनच द्यायला हवी होती, आणि तीच आपण दिली नाही. उत्क्रांती शिकवायला यापेक्षा सुबक उदाहरण मला तरी माहीत नाही.

फरदडीचंही तसंच. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी मार्चपर्यंत ठेवली की दोन-चार क्विंटल वर मिळतात, हातात पैसा येतो. पण म्हाताऱ्या झाडात विषाचं प्रमाण उतरलेलं असतं. एरवी मेली असती अशी, एकच प्रत बिघडलेली अळीही तिथे तग धरते. शिवाय ज्या काळात या किडीने पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळलेल्या झाडात) किंवा सरकीत सुप्त पडून राहायचं, त्या काळात आपण तिला ताजी बोंडं पुरवतो. प्रत्येक जादा पिढी म्हणजे त्याच धान्यावर चाळणी आणखी एकदा फिरवणं. त्यात आपलं बियाणं जवळजवळ सगळं संकरित. संकरित झाडात बीटीच्या जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सुमारे चौथा हिस्सा सरकीत विष नसतं. सरकी खाणाऱ्या अळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास मिळतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कमी कालावधीच्या आणि सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचा आग्रह धरला तो उगाच नाही.

दुसरीकडे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 1996 पासून बीटी कपाशी आहे. तिथे शेतकऱ्यांनी नॉन-बीटीची राखीव शेतं खरोखर ठेवली आणि दहा वर्षं अळी बीटीला बळी पडतच राहिली. पुढे 2006 पासून वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला कापूसपट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केला. आता कुणी म्हणेल, त्यांची हजार हजार एकरांची शेती, विमानं, आपली बरोबरी कशी होणार? म्हणून चीनचं उदाहरण. यांगत्से नदीच्या खोऱ्यातले कापूस उत्पादक आपल्यासारखेच अल्पभूधारक. त्यांनी पैसे वाचवायला संकरित बीटीची दुसऱ्या पिढीची सरकी पेरायला सुरुवात केली. त्यातली साधारण 25 टक्के झाडं आपोआप बिनविषारी निघत. बोंडातली सरमिसळ तिथेही होती, पण चौथा हिस्सा झाडं पूर्ण साधी असल्याने साधे पतंग मुबलक राहिले. 2005 ते 2015 अशी अकरा वर्षं सहा प्रांतांतल्या अळ्या तपासल्या गेल्या. आधी वाढत चाललेलं बीटी पचवणाऱ्यांचं प्रमाण अशा पेरणीनंतर खाली आलं, आणि फवारण्याही कमी झाल्या. रेफ्युजीचा कुठलाही हुकूम नसताना, निव्वळ काटकसरीतून हे घडलं!

आपल्याकडे आता नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली आहे. वेगळं पाकीट फेकून देण्यापेक्षा हे बरं. मात्र ज्या भागात बहुसंख्य अळ्या आधीच बीटी पचवतात, तिथे नुसत्या मिसळीने काही वर्षांत चित्र पालटेल अशी आशा मी धरत नाही. तिथे वेळेवर पेरणी, कमी कालावधीचं वाण, हंगाम संपताच पऱ्हाट्या काढणं आणि जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आवारातले सापळे, असं सगळं एकत्र लागेल. आणि अलीकडे खेड्यापाड्यांत 'चोर बीटी'वर अळी येत नाही असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते बेकायदा बियाणं तणनाशक सहन करतं, अळीविरुद्ध त्यात नवीन काही नाही.

इथे माझा मूळ मुद्दा येतो. पतंग शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओळखत नाही. नॉन-बीटी ओळींतलं नुकसान माझं एकट्याचं, फायदा मात्र सगळ्या शिवाराचा. मी फरदड मोडली आणि शेजाऱ्याने ठेवली तर माझं उत्पन्न गेलं आणि अळी राहिलीच. शेतकरी सल्ला ऐकत नाही म्हणून त्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी हा व्यवहार आधी मांडून बघावा. एकट्याने ऐकणं परवडत नाही, हेच खरं. बीटीला बळी पडणाऱ्या अळ्यांचं प्रमाण ही गावाची सामायिक मालमत्ता आहे, पाण्याच्या पातळीसारखी, आणि तिचे निर्णय सातबारावार होऊ शकत नाहीत. ते गावसभेत, निदान शेजारच्या दोन-चार गावांनी मिळून व्हायला हवेत. ज्याच्या शेतात ओळी असतील त्याला गावाने किंवा शासनाने भरपाई द्यायला हवी.

शाळेचाही यात वाटा आहे. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा, 2023 मध्ये, देशभरच्या 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात तो धडा आहे, ही समाधानाची गोष्ट. पण जिराफाची मान पाठ केलेला मुलगा संध्याकाळी बापासोबत बोंडं फोडून अळ्या मोजतो आणि दोन्हींचा संबंध त्याला कुणी दाखवत नाही. कापूसपट्ट्यातल्या शाळांनी ऑक्टोबरात एक तास शेतात घ्यावा, एवढंच म्हणतो.

आपल्याला दोन विनंत्या. पुरवणीतल्या सल्ल्यासोबत कारणही छापावं, आणि ते पेरणीआधी, मे महिन्यात, कारण बियाणं तेव्हा ठरतं. दुसरी कृषी विभागाला, आपल्यामार्फत: कामगंध सापळ्यांत दर आठवड्याला किती पतंग सापडले याचे तालुकावार आकडे हंगामभर वृत्तपत्रांतून जाहीर व्हावेत, आणि बीटीवर किती टक्के अळ्या जगतात याच्या तपासण्यांचे जिल्हावार निकालही. ज्या तालुक्याचे आकडे चढते असतील तिथल्या लोकांना पुढच्या जूनच्या आत ते माहीत असले पाहिजेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
जि. यवतमाळ